पाणी एकीकडे, कण दुसरीकडे

पिरंगुटला कोलाडचा रस्ता सोडून डावीकडे वळले की लवासाची वाट मुठा खोऱ्यातून टेमघर धरणापाशी येते, तिथून घाट चढते आणि खिंडीपलीकडे मोसे नदीच्या खोऱ्यात उतरते. लवासा हे खासगी गिरिशहर वसले ते या मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत, मुठेवर टेमघर आणि सगळ्यांच्या खाली खडकवासला, अशी ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात आणि त्यावर पुणे शहर जगते. पाण्याचा हा हिशेब पुण्यातल्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर रोज छापून येतो. पाण्याबरोबर जे कण निघालेले असतात त्यांचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही. हे पुस्तक त्या कणांविषयी आहे.

वाहत्या द्रवात सोडलेला बारीक कण द्रवाबरोबर जातो, हे अर्धे सत्य आहे. तो पुढे जातो तो द्रवाच्या जोरावर. पण जाता जाता कडेला सरकतो, मध्याकडे येतो, तळाशी बसतो, भिंतीला चिकटतो, अरुंद जागेच्या तोंडाशी अडतो, मागून येणाऱ्यालाही अडवतो. हे सरकणे एका क्षणात डोळ्यांना दिसत नाही इतके थोडे असते. वाहिनी केसाएवढी बारीक असली तर तेवढेच पुरते, कारण केसाएवढ्या वाहिनीत कडेपासून मध्यापर्यंतचे अंतर ते काय असणार! धरणाच्या भिंतीतली भेग, मातीच्या भरावातल्या दाण्यांमधल्या पोकळ्या, आपल्या शरीरातल्या केशवाहिन्या आणि प्रयोगशाळेत सिलिकॉन रबरात उठवलेल्या सूक्ष्मवाहिन्या, या चारही ठिकाणी कणाची ही आडवी चाल निर्णायक ठरते. स्थापत्य अभियंता, डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ हा एकच विषय तीन वेगवेगळ्या नावांनी शिकतात आणि एकमेकांची पुस्तके उघडत नाहीत. ती एकत्र वाचावीत, असे मला मनापासून वाटते. मुळशी आणि खडकवासल्याचा हा टापू त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण विषयाचे बहुतेक पैलू इथे चाळीस-पन्नास किलोमीटरांत भेटतात.

आधी डोंगरावरून सुरुवात करू. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा हा भाग अफाट पावसाचा. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत लवासात साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि त्याच दिवशी तिथे दरड कोसळली. असा पाऊस उघड्या मातीवर पडला की ओढे लाल होतात. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लवासाला नोटीस दिली तेव्हापासून चाललेल्या वादात डोंगरफोड हा एक मुद्दा होताच. त्या वादाची बाजू घेणे हे या पुस्तकाचे काम नाही. पण फोडलेल्या डोंगराची माती शेवटी कुठे जाते, हा प्रश्न आपल्या विषयाचा आहे आणि त्याचे उत्तर कणाच्या आकारावर ठरते.

जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. स्थिर पाण्यात बसणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा दाणा सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर खाली जातो. एक मीटर खोल जायला त्याला मिनिटही लागत नाही. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण सेकंदाला जेमतेम साडेतीन मायक्रॉन उतरतो. तोच एक मीटर त्याला तीन दिवसांहून जास्त पुरतो आणि तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. म्हणून ओढा जलाशयाला मिळतो तिथेच वाळू टाकून मोकळा होतो, आणि चिकणमाती धरणाची भिंत, पाणी सोडायचा विमोचक, कालवा आणि जलवाहिन्या ओलांडून पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत येऊन पोचते.

तिथे तिला तुरटी भेटते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात आणि एकेकटे तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम हा भार मारते, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि स्टोक्सच्या त्याच नियमाने मोठा झालेला गोळा झपाट्याने खाली बसतो. आपल्या आज्यांनी हंड्यात तुरटी फिरवली ती याच कारणाने. विद्युतभाराचा हा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा. सूक्ष्मवाहिनीच्या भिंतीलाही असाच भार असतो, आणि कण भिंतीजवळ आला की त्याचे पुढे काय होणार हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

आता टेमघर. मुठेवरचे हे दगडी बांधकामाचे धरण साठवणुकीने लहान, सुमारे ३.७ टीएमसीचे. त्याच्या गळतीने मात्र ते राज्यभर माहीत झाले. २०१६ च्या पावसाळ्यात भिंतीतून पाण्याच्या धारा पडतानाची छायाचित्रे सगळीकडे छापून आली, गुन्हे दाखल झाले, आणि पुढच्या वर्षापासून ग्राउटिंग व वरच्या अंगाला शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचे काँक्रीट, मारून गळती मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणली गेली. दोष कोणाचा, यावर पुष्कळ लिहिले गेले. ग्राउटिंग म्हणजे नेमके काय होते, यावर फारच थोडे. या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे दुसरे.

ग्राउटिंगमध्ये भिंतीला वरून होल पाडतात. होलात पॅकर, म्हणजे फुगणारे बूच, बसवून ठरावीक लांबीचा टप्पा बंद करतात. आधी त्यात पाणी दाबून किती मुरते ते पाहतात. दहा बार दाबाला होलाच्या दर मीटर लांबीमागे मिनिटाला एक लिटर पाणी गेले तर त्याला एक ल्युजाँ म्हणतात. मग सिमेंट आणि पाण्याचा पातळ राडा पंपाने आत सोडतात. मिक्सर सतत फिरता ठेवावा लागतो, नाहीतर सिमेंट टाकीतच बसते. पंपाजवळच्या माणसाचे डोळे दोन गोष्टींवर असतात, प्रेशर गेजचा काटा आणि राडा किती गेला त्याचा आकडा. सुरुवातीला राडा सहज जातो. मग काटा चढू लागतो, जाणारे प्रमाण घटते, आणि शेवटी होल राडा घेणे बंद करते. साइटवर याला ‘रिफ्यूजल आले’ म्हणतात.

रिफ्यूजल आले म्हणजे भेग भरली असे समजायची घाई होते. भेग भरल्यानेही राडा थांबतो, आणि भेगेच्या तोंडाशी सिमेंटच्या दाण्यांची कमान बसल्यानेही थांबतो. गेजचा काटा दोन्ही वेळी सारखाच चढतो. साध्या सिमेंटमधले मोठे दाणे ८०-१०० मायक्रॉनपर्यंत असतात. अनुभवाने ठरलेला नियम असा, की भेगेची रुंदी सर्वांत मोठ्या दाण्याच्या निदान तिप्पट हवी. त्याहून अरुंद भेगेत दोन-तीन दाणे एकाच वेळी तोंडाशी आले की एकमेकांना टेकून अडतात. त्यांच्या मागे बारीक दाणे साचतात, त्यातून फक्त पाणी पुढे निसटते आणि तोंडाशी घट्ट वडी तयार होते. आतली भेग कोरडी होणे तर सोडाच, चांगली ओलीच राहते. दाब वाढवला तर वडी आणखी घट्ट बसते, फार वाढवला तर भिंतीत नवी भेग पडू शकते. अशा ठिकाणी राडा आणखी पातळ करून भागत नाही, कारण पाणी वाढवल्याने दाणा लहान होत नाही. तिथे वीस मायक्रॉनच्या आत दळलेले सूक्ष्म सिमेंट लागते, किंवा दाणेच नसलेले रासायनिक ग्राउट. ज्याला कणाची चाल कळते तो अभियंता होल घेण्याआधीच भेगेची रुंदी आणि दाण्याचा आकार यांचे गणित मांडतो. ज्याला कळत नाही तो पोती मोजतो.

दगडी धरणात कण आत घालायचे असतात, मातीच्या धरणात ते बाहेर निघू द्यायचे नसतात. १२ जुलै १९६१ चा दिवस पुण्यात कोणाला सांगावा लागत नाही. पानशेतचे मातीचे धरण त्या सकाळी फुटले, त्याच्या लोंढ्याने १८७९ मध्ये पूर्ण झालेली खडकवासल्याची दगडी भिंतही फोडली आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. त्या पावसाळ्यात विमोचकाचे काम अपुरे असताना धरणात पाणी चढले. विमोचकावरचा भराव खचत गेला आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही तो धरला नाही. पानशेतच्या कारणांची चर्चा अभियंत्यांत आजही होते. पण बांधकामाशेजारून किंवा मातीतून झिरपणारे पाणी बरोबर कण घेऊन निघाले तर पुढे काय होते, हा धडा त्यात निर्विवाद आहे. अभियंते याला पायपिंग म्हणतात. मातीच्या दाण्यांमधल्या पोकळ्या याच वाहिन्या. त्यातून एक दाणा सुटला की वाहिनी रुंदावते, रुंदावली की पाण्याचा जोर वाढतो, जोर वाढला की आणखी दाणे सुटतात. पायथ्याला पाणी निघते तिथून ही पोकळी उलट्या दिशेने, जलाशयाकडे खात जाते.

म्हणून मातीच्या धरणाच्या पायथ्याला निघणाऱ्या पाण्याचा रंग पाहायचा असतो. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर मोजत राहावे. गढूळ येऊ लागले तर धरण आतून चालू लागले आहे असे समजावे आणि खालच्या गावांना कळवावे. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, त्याआधी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. पाण्याचा रंग ओळखायला पदवी लागत नाही. ते गावातल्या प्रत्येकाला शिकवता येते आणि शिकवले पाहिजे.

यावरचा इलाजही कणांच्या आकारातच आहे. कार्ल टेरझागीने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे भरावाच्या मागे वाळूचा गाळणथर देतात. थरातल्या बारीक दाण्यांचा आकार भरावाच्या मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठा नसावा. मग मातीतले जाड कण थराच्या तोंडाशी अडतात, त्यांच्या मागे मधले, त्यांच्या मागे बारीक. आणि पाणी तेवढे निघून जाते. टेमघरच्या भेगेत जी कमान नको होती, तीच इथे मुद्दाम बसवायची असते.

पानशेत फुटले त्याच वर्षी, इस्राएलमधल्या रेहोवोत गावी वाइझमन संस्थेत सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोन संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आपल्या विषयाच्या इतिहासात १९६१ हे साल दोनदा लिहावे लागते. त्यांनी सुमारे अकरा मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिलिमीटरभराचे गोल कण संथ वाहत्या द्रवाबरोबर सोडले. कणांची आणि द्रवाची घनता सारखी ठेवली होती, म्हणजे बसणे-तरंगणे हा प्रकार नको. सुरुवातीला कण नळीत सगळीकडे सारखे विखुरलेले होते. पुढे जाता जाता ते कडेवरूनही हटले आणि मध्यातूनही हटले, आणि नळीच्या त्रिज्येच्या सुमारे ०.६ अंतरावर एका कड्यात गोळा झाले.

हा निष्कर्ष तज्ज्ञांना का चक्रावून गेला ते समजायला एक युक्तिवाद पाहावा लागतो. माझ्या मते या शास्त्रातला हा सर्वांत देखणा युक्तिवाद आहे. अगदी सावकाश, जडत्व नगण्य असलेल्या प्रवाहाचे गणित उलटे फिरवता येते. दाबाची दिशा बदलली की द्रवाचा प्रत्येक बिंदू आल्या वाटेने मागे जातो आणि कणही. आता समजा, अशा प्रवाहात गोल, कडक कण मध्याकडे सरकत आहे. प्रवाह उलटा केला तर त्याला कडेकडे सरकावे लागेल. पण उलटा प्रवाह म्हणजे तरी काय? तीच नळी दुसऱ्या टोकाने पाहिली इतकेच. तिथेही त्याने मध्याकडेच सरकायला हवे. एकच कण एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ शकत नाही. म्हणून तो कुठेच सरकत नाही. ब्रेदरटनने १९६२ मध्ये ही गोष्ट नीट सिद्ध केली. याचा अर्थ, नळीत कण आडवा सरकताना दिसला तर या युक्तिवादाचे एखादे तरी गृहीत मोडलेले असते. जडत्व नगण्य नसेल, कण कडक नसेल, द्रव साधा नसेल, किंवा कण एकमेकांना धडकत असतील. पुढची बहुतेक प्रकरणे म्हणजे यांतले एकेक गृहीत मोडून पाहणे आहे.

सेग्रे-सिल्बरबर्गच्या प्रयोगात मोडले होते जडत्व. नळीत मध्यावर वेग सर्वाधिक, भिंतीशी शून्य, आणि मधे तो परवलयासारखा बदलतो. या वक्रतेमुळे कणाच्या दोन बाजूंना द्रवाचा सापेक्ष वेग असमान पडतो आणि कण भिंतीकडे ढकलला जातो. भिंतीजवळ पोचल्यावर भिंत आणि कण यांच्यामधल्या फटीतला दाब त्याला परत लोटतो. जिथे दोन्ही जोर सारखे होतात तिथे कण ठरतो. जोर फार नाजूक आहे, पण कणाचा आकार वाढला की झपाट्याने वाढतो. कण नळीच्या मानाने लहान असेल तर तो साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट तर जोर सोळापट. विरोध फक्त दुप्पट होतो, म्हणून सरकण्याचा वेग आठपट. लहान-मोठे कण वेगळे करायला याहून चांगले साधन शोधावे लागत नाही.

तरीही पंचेचाळीस वर्षे ही गोष्ट बहुतेक नियतकालिकांतच राहिली. सूक्ष्मवाहिन्या करणाऱ्यांचा पक्का समज होता की त्यांच्या जगात जडत्व नसतेच. शंभर मायक्रॉनच्या वाहिनीत सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने पाणी सोडले तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर, एक येतो. मीटरभर खोल नदीत सेकंदाला मीटरभर वेग असेल तर तो दहा लाख. यातल्या एकाला शून्यासारखे मानायचा मोह कोणालाही होईल. पण त्याच वाहिनीत वेग दहापट-पन्नासपट केला तर प्रवाह तसाच शिस्तीत, थराथराने वाहतो आणि जडत्व मात्र कणाला सरकवण्याइतके जागे होते. २००७ मध्ये डी कार्लो आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. चौकोनी छेदाच्या वाहिनीत कण चार बाजूंच्या मध्यापाशी चार रांगा धरतात. छेद आयताकार केला तर मुख्यतः लांब बाजूंपाशी दोन. चुंबक नाही, विद्युत क्षेत्र नाही, जाळी नाही. नुसता प्रवाह कणांना ओळीत उभे करतो.

मग वळण आले, आणि वळणापाशी आपण पुन्हा खडकवासल्याला येतो. इथले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केले. सर क्लॉड इंग्लिस इथे बरीच वर्षे प्रमुख होते. नद्या आणि कालव्यांच्या वर्तनावरचा त्यांचा १९४९ चा ग्रंथ पुण्यातल्या या कामातूनच झाला. १९३२ मध्ये सुरू झालेल्या सिंधूवरच्या सक्कर बंधाऱ्यात उजव्या काठच्या कालव्यांत वाळू फार शिरत होती. त्यावर पुण्यात प्रतिकृती करून जो तोडगा काढला, तो वळणदार प्रवेशमार्गाचा होता. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते आणि त्याची जागा भरायला तळाचे पाणी आतल्या काठाकडे येते. तळाचे पाणी वाळू आणते, म्हणून वाळू आतल्या काठाला लागते. कालव्याचे तोंड बाहेरच्या अंगाला ठेवले की त्याला वरचे, कमी वाळूचे पाणी मिळते. कपातला चहा ढवळल्यावर पत्ती मध्यभागी गोळा होते ती याच फिरत्या दुय्यम प्रवाहामुळे. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांचे स्पष्टीकरण त्यावरूनच दिले.

डब्ल्यू. आर. डीन याने १९२७-२८ मध्ये वाकड्या नळीतल्या या दुय्यम प्रवाहाचे गणित सोडवले. आज रक्तातून कर्करोगाच्या मोठ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी जी चकलीसारखी वळवलेली सूक्ष्मवाहिनी वापरतात ती डीनच्या गणितावर बेतलेली असते. तिच्यात मोठ्या पेशी आतल्या भिंतीशी एका रांगेत येतात, लहान पेशी दुय्यम प्रवाहाबरोबर फिरत दुसरीकडे जातात, आणि टोकाला वाहिनीचे दोन फाटे केले की दोन्ही वेगळ्या नळीत पडतात. नदी आणि सूक्ष्मवाहिनी यांत फरक मोठे आहेत. नदीचे पाणी खळबळते, वाहिनीतले नाही. नदीत वाळू तळाशी धरून ठेवणारे गुरुत्व मुख्य, वाहिनीत ते जवळपास गैरहजर आणि त्याच्या जागी जडत्वाचा नाजूक जोर. फरक नजरेआड करून दोन्ही एकच म्हणणे चूक ठरेल. पण वळणावरच्या दुय्यम प्रवाहाने कण निवडायची कल्पना दोन्हीकडे तीच आहे, आणि पुण्याजवळच्या एका संस्थेत ती नद्या-कालव्यांसाठी राबवली गेली होती, हे इथल्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे.

शरीरातल्या वाहिन्यांकडे पाहिले तर हा विषय दोनशे वर्षांचा होत आला. पॅरिसचा डॉक्टर प्वाझय याने १८३० च्या दशकात बेडकाच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा भिंतीलगत पेशीच नसलेला एक पारदर्शक पट्टा त्याला दिसला. तांबडी पेशी आठ मायक्रॉन व्यासाची, दोन-अडीच मायक्रॉन जाडीची आणि लवचीक. लवचीकपणामुळे ब्रेदरटनचे गृहीत मोडते आणि ती मध्याकडे सरकते. मध्यभागी तांबड्या पेशींची गर्दी झाली की प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी धक्के खात कडेला लागतात. कडेलाच त्यांचे काम असते. जखम भिंतीला होते, मध्याला होत नाही. फॅरेयस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवले की नळी ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक करत गेले तर रक्त जणू पातळ होत जाते. कारण तोच पट्टा. भिंतीला घासतो तो पेशीविरहित द्रव, म्हणून विरोध कमी.

आणि पेशी कडक झाली तर? विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत हा प्रश्न घरोघरी माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे धागे बनतात, पेशी कोयत्यासारखी वाकते आणि कडक होते. निरोगी पेशी पाच-सहा मायक्रॉनच्या केशवाहिनीतून स्वतःला मुडपून जाते. कडक पेशी अडते, तिच्या मागे दुसरी अडते, आणि रुग्णाला त्या असह्य वेदना होतात. कडक पेशी मध्यातली जागा सोडून कडेलाही येतात आणि भिंतीच्या अस्तराला त्रास देत राहतात, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते. हलव्याच्या दाण्यासारख्या गोल कणांवर केलेले गणित या रुग्णापर्यंत पोचवायला अजून पुष्कळ काम उरले आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणीत पेशीचा आकार आणि हिमोग्लोबिनचा प्रकार पाहतात. पेशी अरुंद वाहिनीतून किती सहज जाते हे स्वस्तात मोजता आले तर कोणाला कधी झटका येईल याचा अंदाज बांधायला मदत होईल. तरुण संशोधकाने आयुष्यातली काही वर्षे द्यावीत असा हा प्रश्न आहे.

रसायनशास्त्राकडे थोडक्यात वळतो, कारण त्याचे प्रकरण पुस्तकात स्वतंत्र आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांनी सूक्ष्म अभिक्रियापात्रांत, म्हणजे बारीक वाहत्या नळ्यांत, अखंड रसायने बनवण्याचे काम केले आहे. चांदीच्या नॅनोतारा बनवणेही त्यात येते. २०२० चा भटनागर पुरस्कार त्यांना अभियांत्रिकीसाठी मिळाला. मोठ्या भांड्यात उष्णता आवरत नाही अशा अभिक्रिया बारीक नळीत सहज आवरतात. या पद्धतीचा मोठा शत्रू मात्र तोच, टेमघरच्या भेगेतला. अभिक्रियेत घन कण तयार झाले की ते भिंतीला धरतात, कमान करतात आणि नळी तुंबते. तुंबण्याचा अभ्यास ग्राउटिंग करणारे, फिल्टर करणारे आणि औषधे करणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसून करतात. एकमेकांना भेटले तर बरीच वर्षे वाचतील.

पुस्तक कसे वाचावे, याविषयी दोन शब्द. ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांनी दुसरे आणि चौथे प्रकरण मागे ठेवून पुढे जावे; उलट फिरवण्याचा युक्तिवाद वर दिला आहे, तो नीट पचला तर बाकीचे समजायला अडचण येणार नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मात्र सूत्रे टाळू नयेत. सिलिकॉन रबरात वाहिनी उठवणे, सिरिंज पंप आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर यांतले बरेचसे प्रयोग महाविद्यालयात होतात. पोकळ गोष्टी लिहिण्यापेक्षा एक वाहिनी करावी, तुंबवावी आणि का तुंबली ते लिहावे.

शेवटची विनंती धरणांवर काम केलेल्या अभियंत्यांना आहे. ग्राउटिंगच्या प्रत्येक कामात होलागणिक नोंदी होतात. कोणत्या खोलीवर किती दाब, राडा किती पातळ, किती गेला, रिफ्यूजल कधी आले, हे सगळे लिहिलेले असते. सूक्ष्मवाहिन्यांतल्या कणांचा याहून मोठा प्रयोग कोणत्याही विद्यापीठात होणे शक्य नाही, आणि तो आपल्या धरणांत होऊन गेला आहे. त्या नोंदी फायलींत ठेवून देऊ नका. आकडे मराठीत लिहा, प्रसिद्ध करा आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्या.